चित्राखालची दुसरी सही

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली मूळ चित्रे भिंग घेऊन पाहिली, तर त्यांतल्या बऱ्याच चित्रांत दोन खुणा सापडतात. एका कोपऱ्यात ‘जे’ आणि ‘टी’ ही एकमेकांत गुंफलेली अक्षरे असतात. ती जॉन टेनियल या चित्रकाराची. दुसऱ्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डॅलझील’ असे असते. डॅलझील बंधूंचा लंडनमध्ये ठसे कोरण्याचा कारखाना होता. टेनियलने लाकडावर काढून दिलेले चित्र तिथे कोरले गेले, त्याची ही सही. टेनियलचे नाव आज जगभर माहीत आहे. डॅलझील हे नाव अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही आणि त्या कारखान्यात प्रत्यक्ष हत्यार चालवणाऱ्या कारागिराची तर खूणही चित्रात नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील छापील चित्रांवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे चित्रकारांच्या चरित्रांभोवती फिरते. मला मात्र वाटते की, त्या शतकात समाजाने स्वतःकडे कसे पाहिले हे समजून घ्यायचे तर चित्रकाराच्या आधी लाकूड, कर, किंमत आणि कारखाना यांच्याकडे पाहावे लागते. कोणाचे चित्र छापले जाणार, ते कोणाच्या हाती पोहोचणार आणि कोण चित्राबाहेर राहणार, हे पुष्कळदा तिथेच ठरत होते.

सुरुवात लाकडापासून. अठराव्या शतकात चांगल्या पुस्तकातले चित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र. त्यात शाई कोरलेल्या खाचांत भरते, तर अक्षरांचे खिळे उंचवट्यावर शाई घेतात. त्यामुळे दोन्ही एका दाबाखाली छापता येत नसत. चित्राला वेगळे यंत्र, वेगळा कागद, वेगळा कारागीर लागे. चित्रांचे पुस्तक महाग पडायचे ते यामुळे. लाकडी ठसे युरोपात आधीपासून होते, पण ते फळीच्या लांबीवर सुरीने कापलेले, जाड रेषांचे असत. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने बॉक्सवुडचे खोड आडवे कापून त्या घट्ट छेदावर तांब्यावरच्या कोरीवकामाची बारीक हत्यारे चालवली. या पद्धतीचा एकटा जनक तो नव्हे, पण तिची ताकद त्याने दाखवून दिली. ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्याने मजकूर आणि चित्र एकाच फर्म्यात बसू लागले. चतुष्पाद प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक 1790 मध्ये आले, ब्रिटिश पक्ष्यांवरचे दोन खंड 1797 आणि 1804 मध्ये. आपल्या एका ठशावरून नऊ लाखांहून जास्त छाप निघाले, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. तांब्याचा पत्रा यापेक्षा कितीतरी लवकर झिजत असे.

ब्यूइकचे पक्षी सुंदर आहेतच. मला मात्र प्रकरण संपल्यावर उरलेल्या जागेत त्याने घातलेली छोटी चित्रे अधिक महत्त्वाची वाटतात. पावसात भिजत चाललेला वाटसरू, ओढा ओलांडणारा म्हातारा, आंधळा भिकारी. पक्ष्यांच्या पुस्तकात या माणसांचे काही काम नव्हते. पण ब्यूइकने खेड्यातला गरीब माणूस, कोणाची करमणूक व्हावी म्हणून वाकडातिकडा न करता, छापील पानावर आणला. शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन आयर’ची सुरुवात होते तेव्हा लहानगी जेन खिडकीच्या पडद्याआड बसून हेच पुस्तक पाहत असते. तिला मजकुरापेक्षा चित्रे ओढून घेतात, हे त्या पिढीच्या अनुभवाला धरूनच आहे.

त्या काळी वाचता येणे ही सर्रास गोष्ट नव्हती. 1841 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत सही करू शकणारे पुरुष सुमारे दोन तृतीयांश आणि स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा सरकारी शिक्का. 1836 मध्ये तो एका पेनीवर आला आणि 1855 मध्ये उठला. कागदावरचा कर 1861 पर्यंत टिकला. हे कर गरिबाच्या हाती बातमी पडू नये म्हणूनच होते, असे तेव्हाचे सुधारक उघड म्हणत. या कचाट्यातून चार्ल्स नाइट या प्रकाशकाने वाट काढली. 31 मार्च 1832 पासून निघालेल्या त्याच्या ‘पेनी मॅगझिन’मध्ये बातमी नव्हती, त्यामुळे शिक्काही नव्हता. प्राणी, यंत्रे, चर्च, दूरदेशची शहरे, नामवंत चित्रांच्या लाकडी प्रतिकृती, असा ऐवज एका पेनीत आठवड्याला मिळू लागला. पहिल्या वर्षात खप दोन लाखांवर गेला.

नाइटच्या साप्ताहिकावर टीका झाली, ती आजही पटण्यासारखी आहे. मजुरी, भूक, मताचा हक्क या विषयांचा त्यात मागमूस नव्हता. कामगाराला जिराफ दाखवायचा, पण त्याची स्वतःची वस्ती दाखवायची नाही, असा तो प्रकार होता. तरीही ज्या घरात भिंतीवर एकही चित्र नव्हते, तिथे दर आठवड्याला चार-पाच चित्रे जाऊ लागली, हा बदल लहान नव्हता. नाइटने ठशांवरून ओतलेल्या धातूच्या प्लेटा परदेशांतही विकल्या. तेच चित्र लंडनमध्ये, पॅरिसमध्ये आणि लाइपझिगमध्ये छापले जाऊ लागले.

कादंबरीचे चित्र वेगळ्या वाटेने आले. 1836 मध्ये ‘पिकविक पेपर्स’ सुरू झाले तेव्हा मान चित्रकाराचा होता. रॉबर्ट सीमूरच्या विनोदी चित्रांना जोड म्हणून मजकूर लिहायला चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सला बोलावले गेले. दुसरा अंक तयार होत असतानाच सीमूरने आत्महत्या केली. पुढे ‘फिझ’ या नावाने चित्रे काढणारा हॅब्लट ब्राउन आला आणि तेव्हापासून लेखक पुढे, चित्रकार मागे असा क्रम लागला. सुरुवातीला शेकड्यांत खपणारे हे मासिक भाग शेवटी चाळीस हजारांवर गेले. ही चित्रे लाकडावर नव्हे, पोलादी पत्र्यावर होती, आणि मागणी इतकी वाढली की एक पत्रा पुरेना. फिझला तेच चित्र दोनदा कोरावे लागे. दर महिन्याचा भाग एक शिलिंगला मिळे आणि त्यातली दोन चित्रे मजकुराच्या आधी बांधलेली असत. वाचक कथेत शिरण्यापूर्वीच कोणता प्रसंग महत्त्वाचा हे त्याला कळलेले असे. ज्यांना शिलिंग परवडत नव्हता ते दुकानाच्या काचेतून ही चित्रे पाहत आणि भाग कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवला की कानांनी कथा पुरी करत.

चित्राने थेट कायद्यावर परिणाम केला असे ठामपणे म्हणता येईल, अशी उदाहरणे कमी आहेत. 1842 चा खाणींचा अहवाल हे त्यांतले सर्वांत मोठे. खाणींत काम करणाऱ्या मुलांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने जाडजूड सरकारी अहवालात चित्रे घातली. संसदसदस्य शेकडो पाने वाचणार नाहीत, पण चित्र पाहतील, हा त्यामागचा विचार होता. तपासनीसांनी खाणीत जाऊन केलेल्या रेखाटनांवरून ठसे कोरले गेले. एका चित्रात एक मुलगी हातापायांवर रांगते आहे. कमरेला पट्टा, पट्ट्याची साखळी दोन पायांमधून मागे गेलेली आणि तिला कोळशाचा गाडा जोडलेला. दुसऱ्यात एक मुलगा आणि एक मुलगी एकाच दोराला समोरासमोर बिलगून खाणीच्या तोंडातून वर-खाली केली जात आहेत. चित्रकला म्हणून ही चित्रे साधीच आहेत. सावल्या ठोकळ, चेहरे पुसट. पण त्यांनी लंडन हादरले. वर्तमानपत्रांनी ती उचलली. लॉर्ड लंडनडेरी या बड्या खाणमालकाने वरिष्ठ सभागृहात कायद्याला विरोध करताना या चित्रांवरच राग काढला, यावरून त्यांचा घाव कुठे बसला ते कळते. जूनमध्ये लॉर्ड अ‍ॅश्ले यांनी विधेयक मांडले आणि ऑगस्टमध्ये स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली काम करण्याची बंदी झाली.

गोष्ट इथे संपवण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. मी ती संपवणार नाही. त्या चित्रांनी इंग्रज मध्यमवर्गाला जेवढा श्रमांचा धक्का दिला, तेवढाच किंवा त्याहून जास्त अर्धउघड्या मुलींचा दिला. चर्चा मजुरीवरून नीतीवर घसरली. खाणीतून काढलेल्या स्त्रियांना कुठलीही भरपाई मिळाली नाही, पर्यायी कामही मिळाले नाही. कित्येक जणी चोरून खाणीत जात राहिल्या. दहा वर्षांवरचा मुलगा आतच राहिला. चित्राने जे दाखवले तेवढेच सुधारले आणि जे फ्रेमबाहेर होते ते फ्रेमबाहेरच राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या सामाजिक चित्रांचे बळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही या एका प्रकरणात दिसतात.

जॉर्ज क्रुकशँकच्या ‘द बॉटल’ या 1847 च्या आठ चित्रांच्या मालिकेबद्दलही हेच. दारूच्या पहिल्या घोटापासून कुटुंबाच्या नाशापर्यंतची ही मालिका एका शिलिंगला मिळे आणि तुफान खपली. त्याचा जुना सहकारी डिकन्स याने मात्र पुढल्या वर्षी, तिच्या उत्तरार्धाविषयी लिहिताना, तिच्यातली उणीव नेमकी पकडली. दारूच्या आधी येणारी गरिबी, घाणेरडी वस्ती आणि अज्ञान या चित्रांत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते मला पूर्ण पटते.

आता कारखान्याकडे वळतो, कारण त्याच्यावाचून हे काहीच घडले नसते. 14 मे 1842 रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा पहिला अंक निघाला, आणि चित्र ही दर आठवड्याला ठरलेल्या वेळी पुरवायची वस्तू झाली. बॉक्सवुडचे खोड बारीक असते, तळहाताएवढा तुकडा मिळाला तरी खूप. म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टांनी जोडत. चित्र काढून झाले की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. एकाला आकाश, दुसऱ्याला गर्दी, तिसऱ्याला घोडे. तुकडे पुन्हा जोडले की मुख्य कारागीर सांध्यांवरच्या रेषा मिळवून घेई. छापाच्या आदल्या रात्री पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून दिव्याचा उजेड ठशावर एकवटून हे काम चाले. किती डोळे त्यात गेले असतील याची नोंद कोणी ठेवली नाही.

डॅलझीलांचा कारखाना पुस्तकांच्या ठशांत अग्रगण्य होता. जॉर्ज, एडवर्ड, जॉन, टॉमस हे भाऊ आणि त्यांची बहीण मार्गारेट, तीही ठसे कोरणारी. हाताखाली अनेक कारागीर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ठशावर एकच सही. त्यांच्या कामाच्या छापांचे संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत सुमारे 54,000 छाप आहेत. ते पाहिले की ‘सुवर्णकाळ’ म्हणून गौरवल्या जाणाऱ्या 1860 च्या दशकामागे केवढा राबता होता याची कल्पना येते. चित्रकारांचे मात्र या कारागिरांशी पटत नसे. टेनिसनच्या 1857 च्या सचित्र कवितासंग्रहासाठी काम करताना रोझेटीने आपल्या रेषांची वाट लावली म्हणून डॅलझीलांना दूषणे दिली. त्याची तक्रार खोटी नसेल, पण त्याने लाकडावर पेन्सिल, खडू, शाई सारे मिसळून काढलेले चित्र काळ्या-पांढऱ्या रेषांत कोणीतरी उतरवायचे होते. ते करताना मूळ रेखाटन कायमचे नष्ट होई. पुढे छायाचित्राने चित्र लाकडावर उतरवता येऊ लागले, तेव्हा कुठे मूळ कागद वाचू लागला.

छपाईच्या दर्जाविषयीचा आग्रहही या जोडकामातून आला. ‘अ‍ॅलिस’च्या 1865 मधल्या पहिल्या दोन हजार प्रतींत चित्रे नीट उठली नाहीत म्हणून टेनियल नाराज झाला आणि लेखक लुईस कॅरलने त्या विक्रीतून मागे घेतल्या. छपाई विजेच्या साहाय्याने बनवलेल्या तांब्याच्या प्रतिठशांवरून होई आणि मूळ लाकूड जपून ठेवत; ते ठसे 1985 मध्ये एका बँकेच्या तिजोरीत सापडले. रंगांची गोष्ट याहून वेगळी. शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या पुस्तकांतले रंग हाताने भरलेले असत आणि ते भरायला अनेकदा मुलांनाच बसवत. एकाने लाल लावायचा, शेजारच्याने निळा. पुढे एडमंड इव्हान्सने रंगीत ठशांची छपाई स्वस्त आणि नेटकी केली. 1879 मध्ये केट ग्रीनवेचे पहिले पुस्तक त्याने थेट वीस हजार प्रतींचे काढले.

1869 च्या डिसेंबरात ‘ग्राफिक’ साप्ताहिक निघाले. रात्रीच्या आसऱ्यासाठी थंडीत रांगेत उभ्या असलेल्या बेघरांचे ल्यूक फिल्ड्सचे चित्र पहिल्याच अंकात होते. ते पाहूनच डिकन्सच्या शेवटच्या कादंबरीचे काम फिल्ड्सकडे गेले. व्हॅन गॉगने हेगमध्ये हलाखीत दिवस काढताना ‘ग्राफिक’चे एकवीस खंड विकत घेतले आणि त्यांतली चित्रे कापून पुठ्ठ्यांवर डकवली. गरिबांना चित्रविषय म्हणून मानाने वागवण्याची ब्यूइकची रीत या वाटेने युरोपच्या चित्रकलेत पोहोचली, असे मी मानतो.

ठसे कोरणारे हेच कारखाने साम्राज्यासाठीही राबत होते. 1857 च्या उठावावरच्या इंग्रजी पुस्तकांत कानपूरची चित्रे भरभरून आली. ती काढणाऱ्यांतले बहुतेक कानपूरला गेलेले नव्हते. जनरल व्हीलर यांची मुलगी पिस्तूल रोखून हल्लेखोरांना टिपते आहे, हे अतिशय गाजलेले चित्र एका अफवेवर उभे होते. नानासाहेब पेशव्यांचे म्हणून लंडनच्या साप्ताहिकात आलेले चित्र प्रत्यक्षात मेरठच्या एका बड्या असामीचे होते, अशी हकीकत फोर्ब्स-मिचेल या ब्रिटिश सैनिकाच्या आठवणींत येते. खाणीतल्या मुलीचे चित्र काढायला तपासनीस खाणीत उतरला होता. हिंदुस्थानी माणसाचे चित्र काढताना तेवढी तसदीही घेतली गेली नाही. एकाच काळातल्या, एकाच तंत्राच्या दोन चित्रांत हा फरक आहे आणि तो विसरून ‘व्हिक्टोरियन चित्रांची सत्यनिष्ठा’ असा गौरव करणे मला मान्य नाही.

इकडे आपल्याकडे काय चालले होते? अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम तांबटाने ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली होती. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळची जी भव्य छापील चित्रे 1803 च्या सुमारास लंडनहून निघाली, ती जेम्स वेल्स आणि टॉमस डॅनिएल यांच्या नावांनी ओळखली जातात.

मुंबईतल्या पुस्तकी चित्राने मात्र लाकडाऐवजी दगड निवडला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. इंग्लंडमध्ये शिळाछाप चित्र पुस्तकात घालणे गैरसोयीचे होते, कारण खिळ्यांच्या मजकुराबरोबर ते छापता येत नसे. आपल्याकडे हीच अडचण सोय ठरली. देवनागरीचे जोडाक्षरांसह खिळे पाडणे खर्चाचे होते, उलट हाताने सुरेख लिहिणारे लेखक भरपूर होते. लेखकाने लिहिलेले पान आणि चित्रकाराने काढलेली आकृती एकाच दगडावर, एकाच दाबात उतरे. म्हणून ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ अशा पोथ्या आडव्या पानांच्याच राहिल्या, त्यांत चित्रे आली, आणि त्यांतले राजे-राण्या बऱ्याचदा मराठी वेशात आले. इथेही एक जण वाचणार आणि घरातली बाकीची माणसे ऐकणार, चित्र पाहणार. फरक इतकाच की, मराठी पोथीतल्या चित्रकाराची पहिली सहीदेखील सहसा सापडत नाही.

मिशनऱ्यांनी 1873 मध्ये मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ सुरू केला. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि तिथून निघालेली रंगीत चित्रे पुस्तकाऐवजी घराच्या भिंतीवर गेली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला वर्षानुवर्षे करवून घेतल्या. त्यांवरचा ग्रंथ 1896-97 मध्ये लंडनला निघाला तो ग्रिफिथ्स यांचा म्हणून. ओल्या, अंधाऱ्या लेण्यांत बसून नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

1880 नंतर हाफटोन ब्लॉक आले आणि छायाचित्र थेट पानावर छापता येऊ लागले. दहा-पंधरा वर्षांत ठसे कोरणाऱ्यांचा धंदा बसला. विल्यम मॉरिसने केल्म्सकॉट छापखान्यातून 1896 मध्ये चॉसरचा ग्रंथ बर्न-जोन्सच्या 87 लाकडी चित्रांसह काढला, तेव्हा कागदी प्रती फक्त 425 होत्या आणि किंमत 20 पौंड. एका पेनीत घरोघर गेलेली कला शतकाअखेरीस श्रीमंतांच्या कपाटात जाऊन बसली. त्या पुस्तकाच्या सौंदर्याविषयी वाद नाही. पण या शतकाचे मोठेपण मला त्यात दिसत नाही, खाणीच्या अहवालातल्या ओबडधोबड ठशांत दिसते.

इंग्लंडने निदान आपले छाप, ठसे आणि कारखान्यांची बाडे जपली, त्यामुळे तिथल्या अभ्यासकांना आता एकेका कारागिराचा माग काढता येतो आहे. आपल्या शिळाछाप पोथ्या देव्हाऱ्यात, माळ्यावर आणि रद्दीत आहेत. तुमच्या घरी अशी पोथी असेल तर तिचे शेवटचे पान आधी पाहा. छापखाना, शक, छापवणाऱ्याचे नाव आणि कधी कधी लेखकाचेही नाव तिथेच असते आणि बांधणी उसवली की सर्वांत आधी तेच पान गळते. पोथी टाकून देऊ नका, चित्रे कापून चौकटीत लावू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा तुमच्या गावचे जुने वाचनालय, जिथे जमेल तिथे ती दाखवा आणि शेवटच्या पानाची नोंद करवून घ्या.